एचातीची टाकी

एचातीला स्वस्थ बसणं माहीतच नाही. साठी उलटली तरी दिवसातून दहादा अंगणातल्या टाकीचं झाकण उचलणार, पाणी बघणार आणि मग कार्थालाकडे डोळे वटारणार. त्या ज्वालामुखी डोंगराच्या काळ्या दगडात ओढा टिकत नाही. छपरावरचा पाऊस नळीने टाकीत उतरतो, तेवढंच पाणी. वीस वर्षांपूर्वी डोंगराने राख ओकली आणि टाकीतल्या पाण्याचा चिखल झाला. तहानेने रडणारी तीन वर्षांची लेक चमसिया तिच्या डोक्यातून अजून जात नाही.

येत्या शुक्रवारी त्याच चमसियाचं, गावाच्या रीतीचं मोठं लग्न होतं. सगळा गाव जेवणार होता. त्यासाठी एचातीने उभा जन्म झिजवला होता. पण टाकी अर्धीच होती.

त्या दिवशी सकाळी ती राखीव जंगलाच्या कडेपर्यंत चढून आली आणि धापा टाकत तिने टाकीत उतरणारी नळीच काढून टाकली.

"मा, वेड लागलंय का? पाऊस तोंडावर आलाय!" चमसिया ओरडली.

"जंगलातली कबुतरं गावात उतरलीत. वर गंधकाचा वास सुटलाय."

शेजारची तोयविलाती कुंपणावरून खिदळली. "डोंगराला अपचन झालंय वाटतं! बस तू वास घेत, आमच्या टाक्या भरतात."

पाऊस आला. स्वच्छ पाणी गल्लीतून वाहून जाऊ लागलं. चमसिया रडत आत गेली. एचातीने छपराखाली पांढरा वाडगा धरला. आधी पाणी नितळ होतं, मग राखाडी झालं, मग काळं. गल्लीभर नळ्या काढायची पळापळ झाली, पण उशीर झाला होता.

दुपारी तोयविलाती बादली घेऊन आली. कडेवर तान्ही नात रडत होती. एचाती झाकणावरच बसली होती. सकाळचा टोमणा परत करायला जीभ नुसती वळवळत होती.

"लग्नाचं पाणी आहे," ती एवढंच म्हणाली.

तोयविलाती रिकामी बादली घेऊन वळली.

"मा, ऊठ," चमसिया दारातून म्हणाली. "लग्न पुढच्या वर्षी करू."

"लोक काय म्हणतील?"

"पाणी पिऊन झालं की म्हणतील."

तान्ही पोर रडतच होती. एचातीला ते ऐकवेना. ती उठली आणि स्वतःच्या हाताने तिने झाकण सरकवलं.

"ए तोयविलाती, आण इकडे ती बादली!" ती खेकसली. "अर्धीच मिळेल. आणि थेंब सांडलास तर बघ!"