रंगपंचमीची सुट्टी

नव्या पुस्तकाला एक वास असतो. डिंक, शाई आणि त्या गुळगुळीत वेष्टनाचा मिळून झालेला, नाकाला किंचित झोंबणारा. आज दुपारी कुरिअरवाला "मॅडमजी, साइन कर दो" म्हणत एक जाडजूड पाकीट देऊन गेला. मी कात्रीनं त्याची कड कापली आणि तो वास खोलीभर झाला. पाच प्रती होत्या. मुखपृष्ठावर पिस्तूल, त्याखाली लाल डाग, आणि सगळ्यात वर, हात फिरवला तर बोटांना लागेल अशा उठावाच्या सोनेरी अक्षरांत लेखकाचं नाव. पुस्तकाचं नाव त्याच्या निम्म्यानं लहान. आता तुम्हीच सांगा, ज्या लेखकाला जाऊन दोन वर्षं झाली, त्याची नवीकोरी रहस्यकथा जुन्या इंदुरातल्या माझ्या घरी कशी काय येते? उत्तर सोपं आहे. ती मी लिहिली आहे. गेली बारा वर्षं मीच लिहिते आहे.

राग आला ना? यायलाच हवा. तुम्हीही कधीतरी मोठ्या हौसेनं असं एखादं पुस्तक घेऊन बसला असाल. इन्स्पेक्टर तोच, विचारात पडला की तोंडात लवंग टाकायची त्याची सवय तीच, प्रेतही पहिल्या प्रकरणात वेळेवर सापडलेलं. पण वीस-पंचवीस पानांनंतर जीव रमेनासा झाला असेल. घरच्याच भांड्यातली आमटी, पण फोडणी दुसऱ्या कुणाच्या हातची, असं काहीतरी. मग तुम्ही स्वतःलाच दोष दिला असेल, की आपलंच वय झालं, पूर्वीसारखी मजा आता कशातच येत नाही. नाही हो, तुमचं काहीही चुकलेलं नव्हतं. लेखकाचं नाव मी सांगणार नाही, तसा शब्द दिलेला आहे. पण एका वाचकाला मी ही गोष्ट खरीखरी सांगितली होती, आणि सांगूनही सुटले नाही. ते वाचक म्हणजे माझे वडील.

बाबा इथल्या एका कापडगिरणीच्या ऑफिसात नोकरीला होते. नोकरीबद्दल ते कधी फारसं बोलत नसत. बोलत ते पुस्तकांबद्दल, आणि पुस्तकं म्हणजे रहस्यकथा, आणि रहस्यकथा म्हणजे या एकाच लेखकाच्या. दर शनिवारी मराठी वाचनालयातून ते नवं पुस्तक आणत आणि रविवारी दुपारी मला ते मोठ्यानं वाचायला लावत. त्यांचा एक नेम होता. पुस्तक बरोबर अर्ध्यावर आलं की ते हात वर करत, मी वाचन थांबवायचं, आई चहा आणायची आणि बाबा खुनी कोण ते जाहीर करायचे. मग पुढचं वाचायचं. बाबा नेहमी हरत. शेवटच्या पानाला कपाळावर हात मारून घेत आणि "अरे वा रे पठ्ठ्या! फिर बना दिया!" असं ओरडत. इतक्या आनंदानं हरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पुढचे दोन दिवस ते वाचनालयात, भाजीवाल्यापाशी, शेजाऱ्यांकडे आपण कसे फसलो ते सांगत हिंडायचे.

त्या रविवारांनी माझ्या जिभेला त्या लेखकाच्या वाक्यांचं वळण लागलं. शाळेत शिकवू लागल्यावर मी स्वतःच्या कथा लिहून मासिकांना पाठवायला लागले, त्या साभार परत येत राहिल्या. शेवटी हिंमत करून एक कादंबरीच थेट त्याच्या प्रकाशकांकडे पाठवली. त्यांचं बोलावणं आलं. मी पुण्याला गेले, माझ्यापुढे चहा ठेवला गेला, आणि प्रकाशक फार मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं लिखाण हुबेहूब त्यांच्यासारखं आहे. त्यांचा हात आता चालत नाही. तुम्ही लिहा, नाव त्यांचं राहील." कुणाला सांगायचं नाही, घरच्यांनासुद्धा नाही, असं करारात होतं. मी सही केली. का केली? खरं सांगू? मला वाटलं, बाबा वाचतील, अर्ध्यावर हात वर करतील, आणि हरतील. माझ्याकडून हरतील. मग केव्हातरी सवडीनं त्यांना सांगू. बस, एवढीच हाव होती मला.

लग्न झालं तरी रविवारी वाचायला मी गावातल्या गावात माहेरी जायचीच. माझं पहिलं पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा बाबा अर्ध्यापर्यंतही थांबले नाहीत. पन्नासाव्या पानावरच त्यांनी खुनी ओळखला, आणि तो तोच निघाला. दुसऱ्याचंही तेच झालं, तिसऱ्याचंही. दर वेळी जिंकायचे, आणि जिंकून गप्प बसायचे. "थकला बिचारा," एवढंच म्हणायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत राहायची. त्यांना सांगावं तरी काय? तुमचा लेखक थकलेला नाही, तुमची मुलगी कच्ची आहे, असं?

पुढे आई गेली, माझा नवराही गेला. बाबांची दृष्टी काचबिंदूनं नेली आणि मी त्यांच्याजवळ राहायला आले. आता त्यांचं वाचन म्हणजे फक्त माझा आवाज. रोज शाळेतून आले की चहा, आणि चहानंतर पुस्तक. जुनी पुस्तकं वाचू या म्हटलं तर ते ऐकेनात. "ती पाठ आहेत ग. नवं आण. कभी तो फॉर्म में आएगा!" म्हणजे मीच लिहायचं, मीच वाचनालयातून आणायचं, मीच मोठ्यानं वाचायचं आणि समोर बसून त्यांचा चेहरा उतरताना मीच पाहायचा. खोलीला दार होतं, खिडकी होती, पण मला मेलीला कुठून बाहेर पडावं ते कळत नव्हतं.

आणि मग ते रंगपंचमीचं पुस्तक आलं. कथा मुंबईची. गिरगावातल्या एका पेढीत खून होतो, आणि ज्याच्यावर संशय तो हेडक्लार्क सांगतो, की त्या दिवशी रंगपंचमी, पेढीला सुट्टी, मी घरीच होतो. सगळं रहस्य त्या सुट्टीवर उभं केलेलं. लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी जन्मले इथे, वाढले इथे. रंगपंचमीला राजवाड्यापुढून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, तोफांनी रंग उडतो, अख्खं शहर न्हाऊन निघतं आणि शाळा-कचेऱ्यांना कुलपं असतात. रविवारची सुट्टी जशी कुणी तपासून पाहत नाही, तशी मी रंगपंचमीचीही पाहिली नाही.

मी ते पान वाचलं आणि बाबांनी हात वर केला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"मुंबईत रंगपंचमीला सुट्टी? मी तरुणपणी तीन वर्षं काढली आहेत गिरगावात, मावशीकडे. तिकडे धुळवडीला सगळं उरकतं. रंगपंचमीला लोक डबा घेऊन कामावर जातात!" बाबा खुर्चीत ताठ बसले होते, कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. "हा तो नाहीच. तो मुंबईचा पक्का माणूस, असली चूक तो झोपेतसुद्धा करणार नाही. हे दुसरं कुणीतरी लिख रिया है! आणि ऐक, जो कुणी आहे ना, तो आपल्या इंदूरचा आहे. गेर बघून मोठा झालेला आहे."

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. बाबांनी आयुष्यभरात इतका अचूक गुन्हेगार कधी पकडला नव्हता, आणि तो त्यांच्यासमोर दीड हातावर बसला होता.

"लिहायला घे," बाबा म्हणाले, "लेखकालाच कळवतो." आणि मी, माझ्याच हातानं, माझ्याविरुद्धची तक्रार लिहून घेतली. आपल्या नावावर कुणीतरी भामटा भिकार पुस्तकं खपवतो आहे, आम्हा वाचकांची घोर फसवणूक होते आहे, आपण लक्ष घालावं. एक शब्द मी बदलला नाही. पत्र टाकायला ते माझा हात धरून स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत आले आणि आत पडल्याचा आवाज ऐकूनच परत फिरले.

पुढचं ऐकून तुम्हाला हसू येईल. वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणं हेही माझंच काम होतं. प्रकाशक दर महिन्याला सगळी पत्रं एकत्र बांधून माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवत. सोबत लेखकानं आधीच सही करून ठेवलेले कोरे कागद. तीन आठवड्यांनी मी शिक्षकांच्या खोलीत तो गठ्ठा सोडला तेव्हा सगळ्यात वर माझं स्वतःचं अक्षर होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुली कलकलाट करत बाहेर पडल्या, आणि मी तिथेच त्या पत्राकडे बघत बसून राहिले. मग सही असलेला एक कागद ओढला आणि लिहिलं, की आपली तक्रार खरी आहे, मी फार आजारी आहे, लिहिणारी व्यक्ती दुसरी आहे, पण तिनं वाईट बुद्धीनं काही केलेलं नाही, तिला क्षमा करा. पोस्टात जाऊन मी ते माझ्याच घरी पाठवलं.

पोस्टमननं "बाबूजी, चिट्ठी!" अशी हाक मारली तेव्हा बाबा भिंत धरत स्वतः दारापर्यंत गेले. त्यांनी पाकीट कितीतरी वेळ नुसतं कुरवाळलं. मग मी वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. शेवटी मान हलवली.

"हेही त्याचं नाही ग. त्याच भामट्याचं आहे. स्वतःसाठीच माफी मागतोय लबाड!"

तेव्हा माझा बांध फुटला. मी म्हटलं, "बाबा, तो भामटा मीच. ती सगळी पुस्तकं मी लिहिली आहेत. रंगपंचमीची सुट्टी मी दिली."

बाबा चक्क हसायला लागले. "चल! काहीही! त्याची दया आली ना तुला? लहानपणीसुद्धा शेवटच्या पानावर चोर पकडला गेला की तू रडायचीस."

"खरंच सांगते, बाबा. करारनामा आहे कपाटात. थांबा." मी तो आणला. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मीच वाचायला लागले. नाव, गाव, अटी, कुणाला न सांगण्याचं कलम, खालची सही, सगळं. वाचताना मला रडू येत होतं, आवाज चिरकत होता. बाबा अगदी एकाग्र होऊन ऐकत होते, पूर्वी रविवारी ऐकायचे तसे. मी थांबले. त्यांनी हळूच कपाळावर हात मारून घेतला.

"अरे वा!" ते म्हणाले. "क्या बात है! बसल्या बसल्या रचलंस? मुलगीच ते लिहिते आणि आंधळ्या बापाला वाचून दाखवते. मी कधीच ओळखलं नसतं हे. मी तर हरलो असतो ग!" मग त्यांनी चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "तू लिहीत का नाहीस? त्या गाढवापेक्षा किती चांगलं लिहिशील. तू असली चूक केली असतीस का? माझी पोर आहेस तू."

मी करारनामा परत कपाटात ठेवला. शेजारच्या काकांना बोलावून तो करारनामा त्यांच्याकडून वाचून घेता आला असता, मग बाबांना पटलंच असतं. ते बोलावणं मी उद्यावर टाकलं, मग परवावर. भीती वाटली, दुसरं काय. पुढच्या थंडीत बाबा गेले. जाईपर्यंत येईल त्याला सांगत होते, की माझी मुलगी काय रचते म्हणून सांगू, ऐकाल तर फसाल.

लोक म्हणतात, माणूस गेला की आठवणी उरतात. माझ्यापाशी बाबांचा एक गैरसमज उरला आहे. त्यात एक मुलगी आहे, ती दुसऱ्याच्या नावानं लिहीत नाही, तिच्या चुका होत नाहीत आणि तिच्यापुढे बाबा हसत हसत हरतात. तिच्यासाठी म्हणून मी बाबा गेल्यावर कितीदा तरी कोरा कागद पुढे घेतला, वर माझं नावही घातलं. चार ओळी होतात, आणि पाचव्या ओळीला कुणीतरी तोंडात लवंग टाकतं.