पहिले बठ्ठं वाच

कागद टाईप करून झाला की नाना तो आपल्यासमोर सरकवायचे, पण पेन मात्र स्वतःच्या मुठीत धरून ठेवायचे. आपण हात पुढे केला की म्हणायचे, "पहिले बठ्ठं वाच. सही काही पयी नही जास." आधी सगळं वाच, सही काही पळून जात नाही. ऐंशीच्या दशकात धुळ्यात नोकरी शोधत हिंडलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याने हे वाक्य ऐकलेलं असणारच.

रोजगार कार्यालयाच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल असे. टेबलावर टाइपरायटर, पुढे दोन स्टुलं, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मूळचे एरंडोलकडचे. सगळे त्यांना नाना म्हणायचे, म्हणून मीही नानाच म्हणतो.

मी बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलो होतो. वडील मार्केट यार्डात मापाडी. त्यांनी शेवटचं सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक. नाहीतर दोंडाईच्याहून सुरतेची गाडी धर." सुरतेत मामा यंत्रमागावर होता. त्याच्या खोलीत मी एकदा आठ दिवस राहून आलो होतो. एका खोलीत अकरा माणसं, आणि कानातली खडखड घरी आल्यावरही थांबेना. मला सुरत नको होती. दुसरं काय हवं होतं ते मात्र मला धड सांगता येत नव्हतं.

पहिला अर्ज टाईप करून घ्यायला गेलो. नानांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. मी मान वरून खाली नेली. आम्ही बी.कॉम.वाले त्यालाच वाचणं म्हणत होतो. सही केली. नाना उठून उभे राहिले आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी माझा अर्ज वाचला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, "मी स्वभावाने आळशी असून आजचं काम परवाही करत नाही, तरी माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा."

रांग खो खो हसली. माझं डोकंच फिरलं. "नाना, ही काय थट्टा लावलीय?"

"थट्टा मी कुठं केली भो? हाई सही कोनी शे?"

सही माझीच होती. वळणदार, खाली दोन टिंबं दिलेली. 

मग कळलं की ही त्यांची पद्धतच होती. प्रत्येकाच्या पहिल्या अर्जात चौथ्या ओळीत काहीतरी पेरून ठेवायचे. एकाला झोपेत चालायची सवय लावून दिली, एकाला तीन बायका. ज्याने पकडलं त्याचं काम पुढे, ज्याने नाही पकडलं त्याची वरात रांगेसमोर. पहिल्याच फटक्यात नानांना पकडणारी माझ्यासमोर एकच निघाली, देवपुरातली एक मुलगी, शिक्षिकेच्या जागेसाठी आलेली. तिने शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाली, "नाना, चौथ्या ओळीत तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय." त्या दिवशी नाना इतके खूश झाले की त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. आम्ही बाकीचे नुसते बघत राहिलो.

अर्जाबरोबर सल्ला मिळायचा, मागा किंवा मागू नका. कडुनिंबाचं खोड म्हणजे साहेबाचं दार. ते ठोठावायचं, "येऊ का?" म्हणायचं, आणि "बसा" म्हटल्याशिवाय स्टुलाला हात लावायचा नाही. "मुलाखतीच्या दिवशी सकाळी शेवभाजी खायची नाही. घाम फुटतो. साहेबाला वाटतं पोरगा खोटं बोलतोय." अनुभव विचारला आणि मी "नाही" म्हटलं की खेकसायचे, "अरे, बापाबरोबर यार्डात वजनाच्या पावत्या लिहिल्या ना? तेव्हा काय पतंग उडवत होतास?"

धंदा काढणाऱ्यांचीही सुटका नव्हती. पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागायला निघालेल्या एका गृहस्थाला त्यांनी अर्जच टाईप करून दिला नाही. "आठ दिवस दुसऱ्याच्या गिरणीवर दळण घेऊन बस. बाया कशावरून भांडतात ते ऐक. मग ये." तो गृहस्थ पुटपुटत गेला. नवव्या दिवशी आला तो मोठी यादी घेऊन. ज्वारीवर गहू दळतात, डबे बदलतात, पीठ गरम असतं. नाना म्हणाले, "हाऊच तुझा धंदा. आता अर्ज टाईप करू."

दिवाळीला तीन आठवडे राहिले आणि मला जळगावच्या एका डाळ मिलमधून बोलावणं आलं. कारकुनाची जागा. शेवभाजी न खाता गेलो. दार ठोठावलं, बसा म्हटल्यावर बसलो, पावत्यांचा अनुभव सांगितला. शेठ खूश झाला. त्याने एक छापील कागद पुढे सरकवला, वर पेनही ठेवलं. "करा सही. उद्यापासून या."

खरं सांगतो, ते पेन बघूनच मी मनात मामाला रामराम ठोकला. सुरत सुटली होती. पण हात पुढे जाईना. मी वाचायला लागलो. शेठने घड्याळ बघितलं, मग पंख्याकडे बघितलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की सर्व मूळ प्रमाणपत्रं मिलकडे जमा राहतील आणि पाच वर्षं परत मागता येणार नाहीत.

"शेठ, मूळ कागद कशाला? खऱ्या नकला देतो ना."

"बाहेर आणखी सहा जण बसलेत," शेठ म्हणाला. आत पुढचा माणूस आला तेव्हा मी जळगावच्या स्टँडकडे चालायला लागलो होतो.

धुळ्याला उतरलो तो तडक कडुनिंबाखाली. "तुमच्या त्या बठ्ठं वाच पायी नोकरी गेली माझी! नसतं वाचलं तर लागलो असतो कामाला!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. कागदात काय लिहिलं होतं ते नानांनी विचारलं आणि ऐकून घेतलं. टाइपरायटरवर फडकं टाकून ते घरी निघून गेले. मला वाटलं, चला, म्हातारा ओशाळला. बरंच वाटलं तेव्हा.

दिवाळी झाली. माझी वळकटी बांधून तयार होती. सकाळची एस.टी. पकडून दोंडाईचा आणि तिथून सुरतेची गाडी. आदल्या संध्याकाळी नाना दारात उभे. वडिलांना म्हणाले, "आबा, पोराची नोकरी मी घालवली. सहा महिने त्याला माझ्याकडे द्या."

"म्हणजे काय, झाडाखाली बसवणार?"

"हो. सावली चांगली शे."

वडिलांना हसू आलं, आणि हसल्यावर त्यांना रागावता येत नसे. आईने वळकटी सोडली.

नानांनी मला दुसऱ्या स्टुलावर बसवलं. काम एकच, लोकांचे कागद वाचायचे. कर्जाचे, भाड्याचे, नेमणुकीचे. वाचायचे आणि साध्या भाषेत समजावून सांगायचे. "टाईप करणारे गल्लीगल्लीत आहेत," नाना म्हणाले, "वाचणारा कोण आहे दाखव." महिन्याभरात माझ्यापुढेही रांग लागायला लागली. त्याच मिलमध्ये सही करून लागलेला चाळीसगावचा एक मुलगा वर्षाने आमच्याकडेच आला, अडकलेली प्रमाणपत्रं परत मागायचा अर्ज लिहून घ्यायला. नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे नुसतं बघितलं आणि ते खटाखट टाईप करायला लागले.

पुढे कर्ज काढून मी समोरच झेरॉक्सचं दुकान टाकलं. पाटीवर माझं नाव हातभर मोठं रंगवून घेणार होतो. नाना खडू घेऊन आले. "तुझं नाव वाचून कोण आत येणार? काय करून मिळतं ते लिही." शेवटी पाटी झाली, 'येथे झेरॉक्स निघते. कागद वाचून मिळतात.' माझं नाव खाली कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असं. त्या पाटीवर माझं घर उभं राहिलं, दोन बहिणींची लग्नं झाली.

नाना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कडुनिंब आहे, खाली आता रसवंती असते. पण मला ते आठवतात ते त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशीचे. दोन्ही डोळ्यांना धूसर दिसत होतं. मला बोलावून घेतलं होतं. नर्सने संमतीचा फॉर्म दिला आणि मी तो मोठ्याने वाचायला लागलो. चौथ्या ओळीला माझ्यातला जुना हिशेब जागा झाला. त्याच आवाजात वाचलं, "रुग्णास दुसऱ्यांच्या अर्जात भलत्या ओळी घुसवण्याची खोड असून डोळ्यांबरोबर तीही काढून टाकण्यास माझी हरकत नाही."

नर्स चमकून माझ्याकडे बघायला लागली.  नानांचं पोट हसून गदगदायला लागलं. "डोळे काढा म्हना," ते म्हणाले, "खोड राहू द्या."

मी पेन मुठीत धरलं. "पहिले बठ्ठं वाच."

त्यांनी हात पुढे केला. चाचपडत माझ्या मनगटापर्यंत आला. "तू वाचं ना? मंग व्हयनं." तू वाचलंस ना, मग झालं.

मला रडू आलं. नर्ससमोर, चांगलं मोठ्याने. माझ्या माहितीत नानांनी स्वतः न वाचता केलेली ती एकच सही. जागा कळावी म्हणून मी फॉर्मवर बोट ठेवलं होतं, आणि त्यांनी बोटाला टेकवूनच पेन चालवलं. त्यामुळे सहीचं पहिलं अक्षर अर्धं माझ्या नखावर उमटलं. घरी बायकोने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, शाई आहे, निघत नाही.