कॉफीनंतर म्हणायचं ते

टेसा व्हॅनहॉर्नला अरबी शिकायचं तसं काही कारण नव्हतं. ओहायोतल्या त्या लहानशा कॉलेजात तिचा मुख्य विषय जीवशास्त्र, अरबी नुसता जोडविषय. बाप फोनवर विचारायचा, "बेडकांशी अरबीत बोलणार आहेस का?" पण सुहेलाबाईंच्या वर्गात एकदा बसली आणि पोरगी अडकलीच.

बाई लेबनॉनच्या. वर्गातच विजेच्या शेगडीवर कॉफी करायच्या आणि पिऊन झाली की प्रत्येकाकडून 'दायमन' वदवून घ्यायच्या. म्हणजे, तुमच्या घरी हे असंच कायम होत राहो. जो विसरेल त्याचा कप पुन्हा भरायचा, हा बाईंचा नियम.

मार्चमध्ये बाईंचे वडील तिकडे वारले. बाईंना जाता आलं नाही. इथेच दार उघडं ठेवून दुखवट्याला बसल्या, तेव्हा सगळा वर्ग भेटायला गेला. कॉफी आली, बिनसाखरेची, कडूजहर. टेसाने ती निमूट संपवली, कप खाली ठेवला आणि गुणी मुलीसारखी खणखणीत म्हणाली, "दायमन."

बाई तोंडाला रुमाल लावून आत निघून गेल्या.

बाहेर आल्यावर दीनाने तिचा दंड धरला. वर्गात लेबनीज घरातली ती एकटीच. "अगं बये, दुखवट्यात कॉफी पिऊन गप उठायचं असतं. हे तुमच्याकडे कायम होत राहो म्हणालीस तू."

"मग आधी सांगायचंस ना."

"असलं कुणी सांगतं का? घरात आपोआप कळतं."

टेसाच्या जिवाला चैन पडेना. माफीची वाक्यं अरबीत जुळवली, ती तिलाच खोटी वाटली. कॉलेजच्या तळ्याभोवती उगाच फेऱ्या मारल्या. मेसमध्ये जेवताना बाई दिसल्या की ताट टाकून पळायची. वर्ग बुडवले. एप्रिल संपता संपता जोडविषयच सोडायचं ठरवून ती बाईंना तसं सांगायला गेली.

बाई शेगडीपाशी होत्या. त्यांनी तिला पुरतं बोलूच दिलं नाही.

"बस. त्या दिवशी मी आत का गेले? हसू आवरेना म्हणून. बाबा असते तर पोट धरून हसले असते. ते मनात आलं आणि मग रडू फुटलं. तोवर डोळ्यांत टिपूस नव्हतं माझ्या. फोनवर दफन बघून कुणाला रडू येतं?"

बोलता बोलता त्यांनी दोन चमचे साखर घातली. "दुखवटा संपला. पी आता."

टेसा प्यायली. कप खाली ठेवला. शब्द ओठांवर आला होता, पण धीर होईना.

बाईंनी जरा वाट पाहिली आणि तिचा कप पुन्हा भरला.