भोंडल्यातली उमेदवार

आमच्या बाई गावातल्या शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या एडिसन गावात त्यांना ओळखणारं जवळजवळ कोणी नव्हतं. ओळखत होतो ते आम्ही, संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गातले. आणि आमच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. मलाही नव्हतं. ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व अजून लांब.

बाई म्हणजे गोरी अमेरिकन बाई, निवृत्त शिक्षिका, उजव्या गुडघ्याने अधू. वर्गात सगळे त्यांना नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मी मनातल्या मनात ‘बाई’ म्हणायची, शाळेत म्हणत होते तसं. माझी शाळा आठवीत सुटली. आईने अंथरूण धरलं, घरात भाकऱ्या करायला कोणी नव्हतं, इतकंच. त्यानंतर मला कोणी शिकवलं असेल तर ते बाईंनी. माझ्या लेकीने काजू खाल्ला आणि तिचा चेहरा सुजला, श्वास लागेना, तेव्हा मी ॲम्ब्युलन्सला फोन करून घरचा पत्ता धड इंग्रजीत सांगू शकले. ते उपकार कसे फेडायचे हा विचार माझ्या डोक्यात सारखा चालायचा.

तो वर्ग शाळेच्या इमारतीत भरायचा, फुकट. बाईंच्या विरोधातला उमेदवार म्हणत होता, संध्याकाळी त्या खोल्या मुलांच्या गणिताच्या आणि रोबोटिक्सच्या कोचिंगला द्याव्यात. तो सगळ्यांना माहीत होता. दिवाळीच्या कार्यक्रमात दर वर्षी पुढच्या रांगेत बसलेला असायचा. तो निवडून आला की आमचा वर्ग गेला, हे उघड होतं.

म्हणून मी बाईंबरोबर दारोदार जायला लागले. ज्या दारांवर तोरण दिसे तिथे बाई मला पुढे करायच्या. आधी त्यांचं नाव सांगायचं नाही, त्यांनी शिकवलं होतं. आधी विचारायचं, तुमच्या मुलांच्या शाळेबद्दल कसली काळजी वाटते? मग गप्प बसून ऐकायचं. पण दार उघडलं तर ना! बहुतेक ठिकाणी बेलमधल्या कॅमेऱ्यातूनच आवाज यायचा, नॉट इंटरेस्टेड. एका घरी आजींनी दार उघडलं, बाईंना खालपासून वर बघितलं आणि मला म्हणाल्या, “हिला सांग, आम्हाला बागकामाला कोणी नको.”

ज्यांनी ऐकून घेतलं त्या बायका म्हणायच्या, अजून ठरवलं नाही. त्यातल्या कितीतरी माझ्या ओळखीच्या होत्या. मी त्यांच्याकडे पोळीभाजीचे डबे पोचवायची.

त्यांच्यातल्या एका ताईंनी मला या गावात पहिलं काम दिलं. पुण्याच्या, मोठ्या कंपनीत, नवऱ्याचीही तशीच नोकरी. आम्ही नवीन आलो तेव्हा लेकीचे थंडीचे कपडे त्यांनीच दिले होते. दर नवरात्रात त्यांच्या बेसमेंटमध्ये भोंडला असायचा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. खिरापत मी करायची. अजून न ठरवलेल्या सगळ्या बायका तिथे एका जागी असणार हे लक्षात आलं आणि मी धीर करून ताईंना विचारलं, बाईंना आणू का?

“आण ना. मजा येईल,” ताई म्हणाल्या.

माझा हिशेब साधा होता. दारावर आलेल्याला माणूस घालवून देईल. पण आपल्या घरी फेर धरलेल्या, खिरापत खाल्लेल्या पाहुणीला तोंडावर नाही कोण म्हणेल? ते खरंच ठरलं. कोणी नाही म्हणालं नाही.

बाईंनी त्या दिवशी केशरी ओढणी घेतली होती, कुठून मिळवली होती कोण जाणे. पत्रकांचा गठ्ठा त्यांनी ताईंच्या हातात दिला. ताई थँक्यू सो मच म्हणाल्या, गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्यावर तो पसरला.

“पेपर टॉवेल संपलेत. यावर निथळत ठेव करंज्या.”

“ताई, यावर बाईंचा फोटो आहे.”

“मग उलटं घाल.”

मी उलटं घातलं. मटारच्या करंज्या तळत होते आणि कागदाला तेल लागलं की पलीकडचा चेहरा अलीकडे दिसायला लागायचा. मी दुसरा कागद ठेवायची.

करंज्यांचा झाकलेला डबा घेऊन खाली गेले तेव्हा फेर चालू होता. बाई मध्येच कुठेतरी, गाणं येत नाही म्हणून नुसत्या हसत, एक पाय ओढत. गाणी संपली, मी डबा मध्ये ठेवला. ताई इंग्रजीत म्हणाल्या, आमच्या खास पाहुणीने आधी ओळखायचं.

बाईंनी डब्याचा वास घेतला. “कुकीज?”

केवढं हसल्या सगळ्या. माझ्या लेकीच्या वर्गातल्या मुलीची आई मराठीत म्हणाली, “शाळेच्या बोर्डावर निघाली आणि पहिल्याच परीक्षेत नापास!”

“नापास झालं की काय करतात?” कोणीतरी विचारलं.

“आणखी एक फेरी.”

असा काही नियम नसतो. ताईंनी बाईंना तो नियम म्हणून सांगितला. बाई एकट्याच पाटाभोवती फिरल्या, बायका टाळ्या वाजवत राहिल्या. मग पुन्हा ओळखायला लावलं. ब्रेड? आणखी एक. बाईंचा हात गुडघ्यावर गेला, पण माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. त्यांना वाटत होतं, मान मिळतोय.

मी ताईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, “ताई, त्यांचा गुडघा दुखतो हो.”

“अगं, मतं हवीत ना तिला? फिरू दे.”

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, “तू कितवीपर्यंत गं?”

“आठवी.”

“हां, मग शाळेचं तुलाच जास्त कळणार.”

हे बोलल्या आणि काकूंनी प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी हसले. हसायचंच असतं.

करंज्या खाताना बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. वर्गाबद्दल सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवून त्या फोनची गोष्ट सांगितली. ताई फार मन लावून ऐकत होत्या. बाई संपवून पाणी प्यायल्या तेवढ्यात ताई शेजारणीला मराठीत म्हणाल्या, “आपली पोरं स्पर्धांना बसायची आणि त्या खोलीत या एबीसीडी म्हणत बसणार.” तोंडावरचं हसू तसंच होतं. मग एकेक जण बाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, शुअर, वुई विल सी, डेफिनेटली.

गाडीत बाई लहान मुलीसारख्या खूश होत्या. “सगळ्या हो म्हणाल्या!”

मी रस्त्याकडे बघत होते. शेवटी सांगून टाकलं. आमच्याकडे बघू म्हटलं म्हणजे नाही. पाहुणीला नाही म्हणत नाहीत, म्हणून हो म्हणाल्या. एकही मत मिळणार नाही. पत्रकांवर करंज्या निथळल्या तेवढं मात्र सांगवलं नाही.

त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली. “तू फार घाबरतेस,” त्या म्हणाल्या. “हाच तुझा प्रॉब्लेम आहे. चांगल्या माणसांवर विश्वास ठेवायला शीक.”

त्या भागात त्या परत गेल्या नाहीत. ती घरं आपली झाली असं समजून दुसरीकडे फिरत राहिल्या, गुडघ्याला पट्टा बांधून.

निवडणुकीत बाई पडल्या. थोडक्यात नाही, चांगल्याच पडल्या. सकाळी ताईंचा फोन आला. “अगं, तुझी बाई पडली ना? सो सॅड. किती गोड होती. बरं, शुक्रवारी पाहुणे आहेत, जास्त पोळ्या पाठवशील?” मी हो म्हणाले. बघू नाही म्हणाले, हो म्हणाले, आणि पाठवल्या.

नवीन बोर्ड बसलं तसा वर्ग बंद झाला. शेवटच्या संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना मिठी मारली. माझी पाळी आली तेव्हा त्या फळा पुसत होत्या. मी आभार मानले. घरी पाठ करून आले होते ते सगळं बोलले, एकही चूक न करता.

“तुझ्याच मैत्रिणी होत्या त्या,” बाई म्हणाल्या. मागे वळल्या नाहीत.

त्या माझ्या मैत्रिणी नव्हत्या. एवढं वाक्य मला इंग्रजीत येत होतं. दारात कोचिंगवाला टेबलं मोजायला येऊन उभा होता. मी माझी खुर्ची उचलून इतर खुर्च्यांवर रचली आणि बाहेर आले.