बाजूला घेऊन सांगायची सवय

घाटनांदूरच्या फलाटावर गाडी यायला वेळ होता, म्हणून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझ्या बॅगेचे बंद ओढून बघितले. एकदा डावा, एकदा उजवा. मग चेन मागंपुढं केली. लग्नाचा मांडव उभा राहिला की वऱ्हाड यायच्या आधी ते असाच एकेक दोर ओढत फिरायचे. माय चौथ्यांदा विचारत होती, तिकीट खिशात हाय का. गाडी हलली तसे आप्पा खिडकीबरोबर चालत आले आणि एवढंच म्हणाले, “तितं लोकं आपल्यापेक्षा शिकलेले असत्याल. कुणाचं काय चुकलं तर चारचौघांत बोलू नको. बाजूला घिऊन सांग.”

आमच्या युसूफ वडगावातले मित्र अजून फोनवर विचारतात, तू बेंगलोरला नेमकं करतोस तरी काय बे? त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे जे जे गाव सोडून गेले त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दहावीला गणितानं अडवलं. दुसऱ्यांदाही अडवलं, मग शाळेचं नाव सोडलं. आप्पा लग्नाचे मांडव घालायचे, काही वर्षं त्यांच्या मांडवावर काढली, नंतर केजला मोबाईल दुरुस्ती शिकलो आणि ते काम घेऊन बेंगलोरला आलो. तिथल्या दुकानात एक दिवस रेवतीमॅडम फोनची फुटलेली काच बदलायला आल्या. काच बसवून फोन तपासताना त्यांच्याच कंपनीचं ॲप उघडलं, नेट बंद-चालू केलं, तर ॲप जागीच अडकलं. गिऱ्हाईकं होती, म्हणून मी हळूच त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि माझ्याकडून तेच तीनदा करून घेतलं. महिनाभरात मी त्यांच्या टीममध्ये होतो, सहा महिन्यांच्या बोलीवर. मार्कशीट कुणी मागितली नाही. तरी ऑफिसचा मेल आला की आजही वाटतं, आता मागतील.

आमच्या मांडवावर सहा माणसं असायची. ज्याचा हात मोकळा, तो पुढचा खांब धरायचा. इथं आम्ही आठ जण, आणि ज्याचं काम त्यानंच करायचं. एक जण गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते ठरवतो, एक जणी स्क्रीन दिसायला कशी असावी ते. पाच जण कोड लिहितात, काही समोर दिसणारा भाग, काही मागचा. त्या पाचातच रेवतीमॅडम, त्या लीड. कामं वाटून द्यायची आणि स्वतःही लिहायचं. आठवा मी, टेस्टर. ह्या सगळ्यांनी केलेलं कुठं मोडतं ते शोधायचं. रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळे उभ्यानं बोलतात: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. पहिले कितीतरी दिवस मी रोज सांगायचो, कुठंच अडलं नाही. एवढ्या शिकलेल्या लोकांसमोर ‘अडलोय’ म्हणायला जीभच वळायची नाही.

टेस्टरला सापडलेली चूक सगळ्यांना दिसेल अशा बोर्डावर लिहायची असते. तिच्यापुढं ज्याचं काम त्याचं नाव येतं. हे मला जमेना. कुणाचं चुकलं की मी त्याला जिन्यात नाहीतर चहाच्या मशीनजवळ गाठायचो. कार्तिक नावाचा पोरगा तर मी उठलो की हात जोडायचा, आता काय मोडलंस बाबा? सगळ्यांना मी आवडायचो. आप्पांचा शब्द राखतोय ह्याचंही समाधान होतं. बोर्डावर मात्र माझं काम जवळजवळ दिसतच नव्हतं. वरच्या साहेबांनी मॅडमना विचारलंही, हा मुलगा दिवसभर करतो काय? मॅडमनी ते मला काळजीनं सांगितलं. सहा महिने भरत आले होते.

त्याच सुमारास दवाखान्यात नंबर लावायचं ॲप तयार होत होतं. ऑफिसचं नेट कधी जात नाही, पण माझी बहीण धारूरला दिली आहे, तिच्याकडं रेंज येती आणि जाती. तसंच करून बघितलं. बटण दाबलं, नेट घालवलं, घाबरलेला माणूस दाबतो तसं पुन्हा दाबलं. एकाच माणसाचे दोन नंबर लागले, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी पाळी गेली. तो भाग खुद्द मॅडमचा होता. मी त्यांना कॉरिडॉरमध्ये सांगितलं. त्या फोनवर होत्या, मान हलवली आणि विसरल्या.

ॲप लोकांच्या हातात जायच्या आदल्या सकाळी मॅडम एकेकाला ‘कुठं अडलंय’ विचारत माझ्यापाशी आल्या. बोर्ड स्वच्छ होता. बोललो, तर ज्यांनी मला इथं आणलं त्यांचीच चूक सगळ्यांपुढं येणार, आणि मला ठेवायचं का घालवायचं हे त्यांच्याच शब्दावर होतं. गप्प बसलो, तर मायसारखी कुणी बाई दोन गाड्या बदलून दवाखान्यात जाणार आणि तिथले लोक तिला नंबर नाही म्हणून सांगणार.

मी म्हणालो, “अडलोय.” आणि बोर्डावर लिहिलं, त्यांच्या नावासकट. मॅडमनी स्वतःच्या फोनवर करून बघितलं. दोन नंबर आले. मग सगळ्यांकडं वळून त्या म्हणाल्या, “यानं मला कॉरिडॉरमध्ये सांगितलं होतं, मीच विसरले. इथं लिहिलं असतं, तर मी विसरले तरी तुमच्यातल्या कुणीतरी आठवण केली असती.”

ॲप दोन दिवस उशिरा गेलं. मी राहिलो. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आप्पांचं चुकलं का, ह्यावर मी बरेच दिवस विचार केला. मग आठवलं. मांडवाची गाठ सैल असली की ते माणसाला बाजूला घ्यायचे खरे, पण तो गाठ पुन्हा बांधेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. मी सांगणं तेवढं उचललं, उभं राहणं विसरलो.

मागच्या खेपेला गावी गेलो, तर मांडवाचे पाइप अंगणात रचून ठेवलेले. वर्ष झालं, आप्पा शिडीवर चढले नव्हते. रोज फोनवर ‘सगळं बेस हाय’ ऐकत होतो मी. मायवर चिडलो, तर ती म्हणाली, “कावून सांगावं? तू लांब हायस. तुला लई घोर लागतो.” खरंच लागतो. पण इथं परकी सात माणसं रोज सकाळी आपलं कुठं अडलंय ते मला सांगतात, आणि माझं घर मला काहीच सांगत नाही, हे मनाला फार लागलं.

तेव्हापासून फोनवर आधी माझं खरं सांगतो. जेवण जात नाही, भीती वाटती, मायच्या हातची ज्वारीची भाकरी आठवती. सुरुवातीला दोघं विषयच बदलायचे. गेल्या रविवारी आप्पा म्हणाले, “हात थरथरतो रं. शर्टाच्या गुंड्या तुजी माय लावती.”

आधी ‘सगळं बेस हाय’ ऐकलं की जीव थाऱ्यावर यायचा. आता वाटतं, त्या शब्दांनीच मला पाहुणा करून ठेवलं होतं. जिथलं दुखणं मला कळतं ते माझं घर, मग मी बेंगलोरला असो नाहीतर कुठंही.

सोमवारी सकाळी माझी पाळी आली, तेव्हा मी आप्पांच्या हाताचं सांगितलं. कार्तिकनं माझं काम मागून घेतलं. शुक्रवारी गावी निघतोय. तिथं जाऊन माझ्यानं काय दुरुस्त होणार, ठाऊक नाही. चार दिवस गुंड्या मी लावीन.