सात घरांची चक्री

"हे इथवर आलं कसं, सांगा बघू?"

कलकत्त्यात बागबाजारच्या आमच्या शेजाऱ्यांचं बोलणं इथून सुरू व्हायचं. समोर पुण्याहून आलेलं भाजणीचं पुडकं असो, नाही तर बँकेने बदली करून पाठवलेला मी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे विचारलं आणि मी "आगगाडीने" म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. त्यांना याहून लांबची गोष्ट हवी होती.

सगळे त्यांना भाऊ म्हणत. आजोबांपासून घर इथेच. "मराठ्यांना अडवायला इंग्रजांनी इथे खंदक खणला, आणि आम्ही खंदकाच्या आत भाडं भरून राहतो!" मराठी अगदी स्वच्छ, फक्त चहा ते बंगाल्यांसारखा 'खायचे'. "वहिनी, कपभर चहा खाईन."

त्यांना नाद होता तो युरोपातल्या जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरांचा. परवाने होते, काचेचं कपाट होतं, लग्न तेवढं राहिलं होतं. ऑस्ट्रियन घोडदळाचं एक तर इतकं जड, की हातात घेतल्यावर माझा हातच खाली गेला. पण बार काढण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. मुठीवर कोरलेली पलटणीची अक्षरं भिंगातून वाचायची आणि तर्क लढवायचे. रशियन फौजेसाठी बेल्जियममध्ये घडलेलं एक त्यांना बराकपूरच्या एका म्हाताऱ्या बाईंकडे मिळालं होतं. ते तिथे कसं?

"कुणी खलाशी जुगारात हरला असेल," मी म्हणायचो.

"मग बराकपूरला का? तिथे समुद्र कुठाय?"

आमच्या रविवारच्या सकाळी अशा जात. मला नाद लागला होता तो भाऊंचा, असंच म्हणा ना.

दसऱ्याला ओळखीची मराठी कुटुंबं ट्रामने त्यांच्याकडे शस्त्रपूजेला येत. ढाल-तलवार कुठली असायला! पाटावर झेंडूच्या फुलांत ही विलायती मंडळी हळदकुंकू लावून बसलेली.

मग शहराचे दिवस फिरले. क्रांती करायला निघालेली पोरं घराघरांत घुसून बंदुका पळवू लागली. पोलीस म्हणाले, ठाण्यात जमा करा. "गंजून मरतील तिथे," भाऊ म्हणाले. त्या दसऱ्याला पूजा झाल्यावर त्यांनी प्रत्येक रिव्हॉल्व्हरमधली, गोळ्या भरायची फिरती चक्री काढली आणि पानांच्या सोन्याबरोबर एकेका कुटुंबाच्या हातावर ठेवली. "सोनं घ्या. पुढच्या दसऱ्याला घेऊन या. अख्खं शस्त्र कुणाच्या हाती लागायला नको."

बँकेतला माणूस मी, असली वस्तू बिनपरवाना घरात ठेवायची म्हणजे गुन्हाच. पण नाही म्हणवेना.

आमच्या वाट्याला त्या रशियन रिव्हॉल्व्हरची चक्री आली. बाकीच्या चक्र्यांना गोळ्यांची सहा घरं, आमच्या चक्रीला सात. माझ्या बायकोने, नलूने, ती देवापुढे ठेवली आणि सातही घरांत उदबत्त्या खोचून मोकळी झाली. भाऊ चहा खायला आले आणि ओरडलेच. "वहिनी, राख लोखंड खाते हो!" स्वतःच्या रुमालाने त्यांनी एकेक घर पुसलं आणि तेलाचा हात फिरवला.

त्याच थंडीत एकदा दिवेलागणीला चार पोरं त्यांच्याकडे शिरली. आमचं दार समोरच. सगळं ऐकू येत होतं. चक्र्या कुठे आहेत, म्हणून ती दरडावत होती. भाऊंचं एकच, "हारिये गेछे." हरवल्या. थप्पड बसल्याचा आवाज आला. पुन्हा तेच, "हारिये गेछे." शेवटी त्यांच्याच पलंगपोसात सगळी रिव्हॉल्व्हरं गुंडाळून पोरं जिना उतरली. भाऊ मागोमाग धावले. आम्हाला वाटलं, शिव्या देतील.

"तेल दिओ रे! मोरचे धोरबे!"

तेल द्या रे, गंज चढेल.

सकाळी ते आले, ओठ सुजलेला. नलूने पुढे केलेला चहा निवत गेला. ते देवापुढच्या चक्रीकडे बघत बसले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "लावा आता उदबत्त्या. हरकत नाही."



नंतरच्या दसऱ्यांना त्यांनी कुणाकडे चक्री मागितली नाही. रिकामं कपाट मात्र पुसत असत. आणि त्यांचा प्रश्न बदलला होता. "कुठवर गेली असतील हो ती?" आमची पुण्याला बदली व्हायच्या आधीच ते गेले.

ती चक्री आज आमच्या देवघरात आहे. नवीन पाहुणा हमखास विचारतो, हे इथवर आलं कसं? मग मी भाऊ सांगायला बसतो. परवा एक बाई म्हणाल्या, "उदबत्त्या लावायला किती छान आहे!"

नलू दसऱ्याची तयारी करत होती. चक्री तिच्या मांडीवर, बोटाला तेल.

"छे, राख लोखंड खाते," ती म्हणाली. "कधी जोडायची वेळ आली तर?"