सूचक: गुरुलिंग बिराजदार

गुरुलिंग बिराजदार यांनी एकतीस वर्षं गावातली झाडं तोडली. अख्खी नव्हे, तारेकडे वाढलेली तेवढी फांदी. वीजकंपनीत ते लाइनमन होते. दर मे महिन्यात कोयता, दोर आणि बांबूची शिडी घेऊन शाळेपासून बसस्टँडपर्यंत निघायचे. त्यामुळं झाडं ते वाढीवरून नाही, तोडीवरून ओळखायचे. कडुलिंब कितीही छाटा, श्रावणात परत तारेला भिडतो. गुलमोहर भोळा, दोन घावांत अंग सोडतो. बाजारतळावरची चिंच मात्र हट्टी. तोडलेल्या जागी ती गाठ बांधते, वर्षभर गप्प राहते आणि मग जणू विचार करून भलत्याच बाजूनं फांदी काढते.

ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी नगरपालिकेची वृक्ष समिती नव्यानं नेमायची निघाली. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं हे ठरवणारी समिती. तीत एक जागा झाडांची माहिती असलेल्या रहिवाशासाठी होती. नगराध्यक्ष श्रीशैलअण्णा स्वतः घरी आले.

"गुरुलिंगअप्पा, झाडाचं तुमच्याइतकं कुणाला कळतंय? गावातलं एक झाड तुमच्या कोयत्यातनं सुटलं न्हाय."

सोबतचे हसले. गुरुलिंगही हसले, जरा उशिरा.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा बायको इरम्मानं विचारलं, "म्हणजे आता झाडं तोडायला जानार का पुन्यांदा?"

"तोडायचं का न्हाय ते सांगायचं."

"मग एवढी वर्सं कोण सांगत व्हतं?"

"तार," ते म्हणाले.

पहिल्या सभेत त्यांना पाठीवर टॉवेल टाकलेली खुर्ची मिळाली. अशा खुर्च्यांच्या समोर ते आयुष्यभर उभे राहिले होते, कधी पंखा बघायला, कधी मीटर. सभा वीस मिनिटांत उरकली. चहा झाला, फरसाण झालं. शिपाई नंदीश रजिस्टर घेऊन एकेकाजवळ फिरू लागला.

"साहेब, इथं."

गुरुलिंगना साहेब म्हणणारा हा पहिला माणूस. पानाच्या तळाशी बाकीच्यांच्या सह्या होत्या. वरचं सगळं पान कोरं होतं. ते त्यांना दिसलं. पुढं त्यांनी कधीही, कुणाजवळही, 'दिसलं नाही' असं म्हटलं नाही.

"वर काय न्हाय की रे."

"इतिवृत्त मागनं लिहितेत, साहेब. ही हजेरीची."

त्यांनी सही केली.

हे ज्या माणसानं केलं त्याच्या हाताची सवय काय होती, ते सांगायला हवं. लाइनवर चढण्याआधी सबस्टेशनमधून लाइन बंद करून घ्यावी लागते. त्याचा कागद असतो, त्याला परमिट म्हणतात. ज्यानं सही करून परमिट घेतलं, त्यानंच खाली उतरून, माणसं मोजून, ते परत करायचं. मगच वीज सोडायची. गुरुलिंगचा जोडीदार बलभीम खांबावर असताना खालून तिसऱ्याच कुणीतरी त्याच्या नावानं फोन करून सांगितलं, काम झालं, लाइन सोडा. बलभीम जागीच गेला, त्याचा एक हात तारेवरच राहिला. त्या दिवसानंतर गुरुलिंगनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावरच सही केली नाही. पोराच्या लग्नाची यादीसुद्धा त्यांनी दोनदा वाचून घेतली होती.

आणि तोच हात टॉवेलच्या खुर्चीवर बसून कोऱ्या पानावर फिरला.

पंधरा दिवसांनी, गुरुवारच्या बाजारात, चिंचेच्या बुंध्याला एक कागद डकवलेला दिसला. त्या झाडाखाली तीसेक बाया भाजी घेऊन बसतात. मधोमध हरणाबाई, चुका, शेपू आणि वाळकं घेऊन. तिच्या आईचीही जागा तीच होती. कागद कुणीतरी बायांना वाचून दाखवला असणार, कारण गुरुलिंग पिशवी घेऊन आले तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या.

हरणाबाई तेवढी बोलली. "लायनमन, तारंला फांदी लागली म्हणून तोडत व्हतावं. आता काय तुमच्या डोस्क्याला लागली का?"

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. सदर वृक्षापासून विद्युत वाहिनीस धोका असल्याने तो समूळ काढण्यात यावा. त्या जागी बावीस गाळ्यांचे संकुल प्रस्तावित. सूचक: श्री. गुरुलिंग बिराजदार, निवृत्त लाइनमन. ठराव सर्वानुमते मंजूर.

आपलं नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. छापलेलं नाव दुसऱ्याच माणसाचं वाटतं, पण तो माणूस आपल्याच घरात राहत असतो.

भाजी न घेता ते थेट नगरपालिकेत गेले. शिवानंद हा तिथला लिपिक. जन्म, मृत्यू आणि झाडं, तिन्हींची रजिस्टरं त्याच्याच टेबलावर.

"म्या कवा म्हणलो रं हे?"

"अप्पा, ठरावाला सूचक लागतोय. त्याबिगर ठराव हुबाच ऱ्हात न्हाय. लाइनमनच धोका हाय म्हणतोय म्हणल्यावर कोण बोलंल?"

"पर म्या म्हणलोच न्हाय."

"सही हाय की."

"ती हजेरीची हाय."

शिवानंदनं रजिस्टर त्यांच्यापुढं फिरवलं. "पान एकच हाय, अप्पा."

गुरुलिंग उठले नाहीत. शिवानंदनं शिक्का पुसला, पेन उघडलं, परत बंद केलं. मग हळूच म्हणाला, "अजून कायम झालं न्हाय हे. पुढच्या सभंला पहिला विषय असतोय, मागल्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. ते झालं की संपलं. तवर तुमी बोलू शकताव. आजपतूर कुणी उठलं न्हाय, एवढंच. माझं नाव घेऊ नका."

पुढचे दिवस घरात वाईट गेले. इरम्मानं ताट वाढलं की ते दोन घास खाऊन पाणी पीत बसायचे.

"नाव काढून टाका म्हणावं," ती म्हणाली.

"माझं नाव निघंल. झाड?"

पुढच्या गुरुवारी भर दुपारी ते बांबू घेऊन चिंचेखाली उभे राहिले. मान मागं टाकून तार बघितली, मग फांद्या, मग पुन्हा तार. बांबू उभा धरून अंतर मोजलं. हरणाबाईनं वाळकावर पाणी शिंपडत विचारलं, "मोजमाप कशाचं घेतावं? सरणाचं का?"

खिशातल्या चिठ्ठीवर त्यांनी एक आकडा लिहिला होता. तीन.

पुढची सभाही गुरुवारीच आली. खिडकीतून बाजार ऐकू येत होता. शिवानंद उभा राहिला आणि एका श्वासात म्हणाला, "विषय एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, कायम, विषय दोन..."

"वाचा," गुरुलिंग म्हणाले. ते उठले तसा पाठीचा टॉवेल खाली पडला.

श्रीशैलअण्णांनी मान वर केली. "काय झालं, अप्पा?"

"वाचून कायम करणे म्हणाले की. वाचू द्या."

खोलीत कुणीतरी हसलं. शिवानंद वाचू लागला. त्याला स्वतःलाही ती सवय नव्हती. आपलंच अक्षर लागेना. सहाव्या, चिंचेच्या ठरावाशी तो थांबला.

"हे म्या म्हणलो न्हाय," गुरुलिंग म्हणाले. "माझं नाव काढा."

"सही तुमचीच हाय ना?"

"व्हय. कोऱ्या पानावर केली. चूक माझीच हाय, दुसऱ्या कुणाची न्हाय. आपल्या नावानं दुसरंच कुणी बोललं की काय हुतंय, ते बलभीमच्या वक्ताला म्या बघितलंय. बघून बी केली."

बलभीमचं नाव निघताच मघाशी हसणारा सरळ बसला. त्याच्या तेराव्याला सगळे गेले होते.

श्रीशैलअण्णांचा आवाज मऊ झाला. "बरं, ते सोडा. पर तारंला धोका हाय का न्हाय? खरं सांगा, तुमी लाइनमन हाव."

इथं खोटं बोलता आलं असतं. गुरुलिंगनी खिशातली चिठ्ठी काढली, बघितली नाही, नुसती हातात धरली.

"हाय. तीन फांद्यांचा. झाडाचा न्हाय. अकरा वेळा म्या ते झाड छाटलंय, त्यानं कधी तार तोडली न्हाय. तीन फांद्या काढा, धोका संपला. तसं लिहा, त्याला सूचक म्या हुतो."

श्रीशैलअण्णांनी पेन टेबलावर आपटलं. "अप्पांचं नाव काढा. झाड काढायचा ठराव तसाच ठेवा. सूचक दुसरा. बोला, कुणाचं नाव टाकू?"

एक सदस्य मोबाइल बघत होते. एकानं चहा बशीत ओतला. एका बाई सदस्याची चुलतजाऊ त्या चिंचेखालीच कांदे विकते. त्या खिडकीकडं बघत राहिल्या. बाहेरून मिरचीचा भाव ओरडत होता कुणीतरी. नाव कागदावर येतं आणि कागद बुंध्याला चिकटतो, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं.

"तहकूब," अध्यक्ष म्हणाले. "फांद्या तेवढ्या छाटा." जिन्यात ते गुरुलिंगच्या शेजारून उतरले. "झाडाचं कळतंय म्हणून तुमाला घेतलं व्हतं, अप्पा."

"व्हय," गुरुलिंग म्हणाले.

मंगळवारी लाइन बंद झाली. वर चढायचा अधिकार आता त्यांना नव्हता. वीजकंपनीचे दोघं चढले. गुरुलिंग खालून बोट दाखवत होते. "ती न्हाय. तिच्या मागची. हां. गाठीच्या वर, गाठीला लावू नका." तीन फांद्या पडल्या. चढलेले दोघं उतरून, परमिट परत करून गेले, तोवर ते जागेवरून हलले नाहीत.

गुरुवारी हरणाबाईनं त्यांच्या पिशवीत चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा चिगूर भरला. पडलेल्या फांद्यांचाच ओरबाडून ठेवला होता.

"इरम्माक्काला द्या, वरणात घालाया. आन् पुढल्या टायमाला कागद लावायचा आसंल तर आदी आमाला सांगा."

चिंच अजून तहकूब आहे. दर सभेत चौथा विषय तीच असते. समितीची मुदत पुढच्या वर्षी संपेल आणि नव्या यादीत आपलं नाव नसणार, हे गुरुलिंगना ठाऊक आहे. परवाच्या सभेनंतर नंदीश रजिस्टर घेऊन त्यांच्या खुर्चीशी आला. वरचं पान नेहमीसारखं कोरं होतं. गुरुलिंगनी खिशातून पट्टी काढली आणि कोऱ्या जागेवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी रेघ ओढली. मग खाली सही केली. सहीशेजारी तारीख घातली आणि घड्याळात बघून वेळ.

नंदीश बघतच राहिला. "साहेब, आता इतिवृत्त कुठं लिहायचं?"

"सहीच्या खाली, पुढल्या पानावर," गुरुलिंग म्हणाले. "आन् लिहिलं की मला बोलीव. वाचायला येतो."